निनावी, पण कोणापासून?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या वर्गात एक टूम निघाली. कोणीतरी मोबाईलवर एक लिंक टाकली. तिच्यावर बोट ठेवले की एक कोरी चौकट उघडे, आणि नाव न सांगता मनात येईल ते तीत लिहिता येई. लिहिलेले सगळ्यांना दिसे; लिहिणारा मात्र कोणालाच दिसत नसे. पहिले दोन दिवस थट्टामस्करीत गेले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने त्या चौकटीत लिहिले की, बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत वर्गातलाच एक मुलगा रोज मागे येतो, नको ते बोलतो, आणि हे सांगावे कोणाला ते कळत नाही. नाव तिने स्वतःचेही लिहिले नव्हते आणि त्याचेही नव्हते.

संध्याकाळपर्यंत तिचे नाव सर्वांच्या तोंडी झाले.

ते कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. ॲप कोणी फोडले नव्हते. कोणाला संगणकातले काही विशेष येतही नव्हते. स्टँडवरून पायी येणाऱ्या मुली आमच्या वर्गात पाचच. त्यांतल्या दोघी दुपारच्या गाडीने येतात. उरल्या तिघी. मजकुरात एके ठिकाणी 'काहून' हा आपला वऱ्हाडी शब्द 'काऊन' असा लिहिलेला होता, आणि तसा लिहिणारी त्या तिघींत एकच होती. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरचे तिचे जुने निरोप सर्वांजवळ होतेच. ती मुलगी पुढे आठ दिवस वर्गात आली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. 'येथे तुम्ही निनावी आहात' असे एखादी व्यवस्था सांगते, तेव्हा त्या सांगण्यावर किती विसंबावे? आणि ते पारखावे कसे? हा विषय केवळ विज्ञान शाखेचा आहे असे समजून आपण कलाशाखेचे विद्यार्थी बाजूला होतो. वस्तुतः त्यातला मोठा भाग माणसांच्या वागण्याचा आहे आणि तो आपल्याला उत्तम समजू शकतो. त्या दिशेने केलेला हा अल्पसा प्रयत्न.

गुप्त वेगळे, निनावी वेगळे

पहिली गोष्ट म्हणजे 'गुप्त' आणि 'निनावी' या दोन शब्दांची आपण गल्लत करतो. ती दूर करायला आपल्याच जिल्ह्यातून आरंभ करू.

कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ साली, वऱ्हाड हैदराबाद रेसिडेन्सीच्या अमलाखाली असताना, नियमनाखाली आला. भारतातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ म्हणून कृषिपणनाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारांना असे नियम का लागावेत? कारणे अनेक होती. वजनमापातली लबाडी होती, मनमानी कपात होती. देशातील अनेक बाजारांत चालणारी 'हत्ता पद्धत' हेही त्यांपैकी एक. अडत्या आणि खरेदीदार हातात हात घेत, वर रुमाल टाकत, आणि बोटे दाबून भाव ठरवीत. जनावरांच्या बाजारात असे सौदे पाहिलेली जुनी माणसे अजूनही ते वर्णन करून सांगतात.

त्या रुमालाखाली आपला सगळा विषय सापडतो. भाव गुप्त राही हे खरे. पण कोणी कोणाचा हात धरला, किती वेळ धरला, आणि हात सोडताना कोणाचा चेहरा उतरला, हे भर बाजारात सर्वांना दिसत असे. म्हणजे सौदा गुप्त होता, पण सौदा करणारे निनावी नव्हते. दुसरी गोष्ट, ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला बोटांची भाषा कळत नसे. अडत्या सांगेल तो भाव खरा मानण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: तो रुमाल नेमका कोणापासून लपवण्यासाठी होता? इतर खरेदीदारांपासून तर होताच, पण शेतकऱ्यापासूनही होता. तेव्हा रुमाल दिसला की 'हे सुरक्षित आहे' असे न म्हणता 'कोणाकरिता आणि कोणापासून?' असे विचारले पाहिजे.

मोबाईलवरील गप्पांच्या कोणत्याही व्यवस्थेची पारख याच तीन प्रश्नांनी होते. मजकूर कोण वाचू शकतो? कोण कोणाशी बोलले हे कोणाला दिसते? आणि मधल्या अडत्यावर किती भरवसा ठेवावा लागतो?

निरोपाचा प्रवास

आपल्या हातातून निघालेला निरोप थेट दुसऱ्याच्या हाती पडत नाही. आधी तो मोबाईल कंपनीच्या किंवा कॉलेजच्या वायफायच्या वाटेने जातो. तेथून तो ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर पोचतो. तेथून पुन्हा तशाच वाटेने दुसऱ्याच्या मोबाईलवर जातो. या प्रवासात प्रत्येक नाक्यावर कोणीतरी उभे असते.

वाटेवरच्या माणसाने मजकूर वाचू नये म्हणून तो कूटलिपीत बदलून पाठवतात. पण त्या कूटलिपीची किल्ली कोणाजवळ असते, यावर सारे अवलंबून आहे. किल्ली सर्व्हरवर असेल तर वाटेवरचा चोर हात हलवीत परत जाईल, पण अडत्या सगळे वाचू शकेल. किल्ली फक्त दोन टोकांच्या मोबाईलमध्ये असेल तर अडत्यालाही काही वाचता येत नाही. यालाच 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' म्हणतात. व्हॉट्सॲपने ते एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी पूर्णपणे लागू केले. टेलिग्रामवर मात्र साध्या गप्पांना ते नाही. 'सिक्रेट चॅट' नावाचा प्रकार मुद्दाम निवडला तरच ते मिळते. अनेकांचा समज याच्या नेमका उलट असतो.

परंतु एवढ्याने निनावीपणा येत नाही. पाकीट कितीही घट्ट चिकटवले तरी त्यावरचा पत्ता पोस्टमनला दिसणारच. कोणत्या क्रमांकावरून, कोणत्या क्रमांकाला, किती वाजता, किती वेळा निरोप गेला, ही पाकिटावरची माहिती होय. रात्री अडीच वाजता एखाद्या मुलीने समुपदेशकाला लागोपाठ सात निरोप पाठवले, एवढे कळल्यावर आतला मजकूर वाचण्याची गरज किती उरते?

या पाकिटावरील माहितीबाबत कंपन्या-कंपन्यांत फार अंतर आहे. २०१६ साली अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतातील एका चौकशीत सिग्नल या ॲपकडे सरकारने एका खात्याची माहिती मागितली. खाते केव्हा उघडले आणि शेवटचा संपर्क केव्हा झाला, या दोन गोष्टींपलीकडे सिग्नलजवळ देण्यासारखे काही निघाले नाही. त्यांनी नकार दिला नाही. त्यांनी ते साठवलेच नव्हते. याउलट टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने आपले धोरण बदलून, वैध कायदेशीर मागणी आल्यास फोन क्रमांक व आयपी पत्ता देऊ असे जाहीर केले. यातून एक साधा नियम निघतो. 'आम्ही तुमची माहिती कोणाला देणार नाही' हे वचन झाले; वचन परिस्थितीने मोडते. 'आमच्याजवळ तुमची माहितीच नाही' ही वस्तुस्थिती झाली. पारख करणाराने वचनापेक्षा वस्तुस्थितीला अधिक गुण द्यावेत.

ज्या ॲपांचा धंदाच निनावीपणाचा, त्यांचा इतिहास तर फारसा उत्साहवर्धक नाही. 'व्हिस्पर' नावाचे ॲप मनातले गुपित निनावी सांगण्यासाठी प्रसिद्ध होते. त्याचा माहितीसाठा उघड्यावर पडलेला असल्याचे मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने प्रसिद्ध केले. त्यात नावे नव्हती, पण वय, ठावठिकाणा अशी माहिती होती. 'एनजीएल' हे ॲप तरुणांत लोकप्रिय झाले. मित्रांकडून आल्यासारखे भासणारे बनावट निरोप कंपनीच धाडत होती, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला. २०२४ साली ५० लाख डॉलर भरण्याचे आणि १८ वर्षांखालील मुलांना ही सेवा न देण्याचे मान्य करून ते प्रकरण मिटले. येथे अडत्याने नुसती बोटे दाबली नाहीत, तर खरेदीदाराचे सोंगही स्वतःच घेतले असे म्हणावे लागेल.

गर्दी हाच पडदा

आता आमच्या वर्गातील घटनेकडे वळू. तेथे वाटही फुटली नव्हती आणि अडत्याही फितूर झाला नव्हता. तेथे अपुरी पडली ती गर्दी.

उन्हासाठी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर जाणारी मुलगी पुण्यात कोणी ओळखणार नाही. तीच मुलगी वाशीमच्या पाटणी चौकातून गेली तर गाडीच्या रंगावरून 'ही अमक्यांची' म्हणून चार जण सांगतील. स्कार्फ तोच आहे, गर्दी बदलली. निनावी माणूस म्हणजे ज्याला नाव नाही असा माणूस नव्हे. ज्याच्यासारखे दिसणारे आणखी पुष्कळ आहेत, असा माणूस म्हणजे निनावी. चाळीस जणांच्या वर्गात आपण जास्तीत जास्त चाळिसात लपतो, आणि मजकुरातल्या प्रत्येक तपशिलासरशी तो आकडा घटत जातो. लॅटान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेने २००० साली दाखवून दिले की, जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याजोगे ठरतात. नावाची गरजच पडत नाही.

याचे एक उदाहरण डिसेंबर २०१३ मधले आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळावी म्हणून एका विद्यार्थ्याने बॉम्बची खोटी धमकी इ-मेलने पाठवली. त्याने 'टॉर' ही व्यवस्था वापरली होती. टॉरमागची कल्पना मोठी सुंदर आहे. १९८१ साली डेव्हिड चॉम यांनी सुचवले की, पत्र एकात एक अशा अनेक पाकिटांत घालावे, आणि प्रत्येक टपालघराने वरचे एकच पाकीट फोडून, इतर पत्रांत मिसळून ते पुढे धाडावे. म्हणजे पहिले आणि शेवटचे टोक एकाच वेळी कोणालाच दिसणार नाही. टॉर त्याच वंशातले असून त्यात निरोप साधारणपणे तीन मुक्कामांतून जातो. व्यवस्था चोख होती. परंतु त्या विद्यार्थ्याने ती विद्यापीठाच्याच वायफायवरून वापरली. त्या सकाळी त्या वायफायवरून टॉर वापरणारे कोण, एवढेच तपासनीसांनी पाहिले. यादी लांब नव्हती. विचारणा होताच त्याने कबुली दिली. तो अपराधीच होता, त्याच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. परंतु धडा सर्वांना लागू आहे. ज्या गावात एकच माणूस बुरखा घालतो, तेथे बुरखा हीच त्याची ओळख होते.

'भारतात कोठेतरी'

शत्रू कोण आणि त्याचे बळ किती, हे ठरवल्याशिवाय सुरक्षेची पारख होत नाही, असे या विषयातील जाणकार सांगतात. त्यासाठी संगणकाच्या कितीतरी आधीचे, आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. ४२.३४ मीटरवर बोलणारा आवाज 'भारतात कोठेतरी' असल्याचे सांगे. ते केंद्र चालविणाऱ्यांत अवघ्या २२ वर्षांच्या उषा मेहता होत्या, आणि राममनोहर लोहिया यांच्यासारखे भूमिगत नेते त्यांच्या पाठीशी होते. या व्यवस्थेची पारख करून पाहा. मजकूर गुप्त नव्हता; तो सर्वांनी ऐकावा हाच हेतू. लपवायचे होते ते फक्त ठिकाण आणि माणसे. शत्रू होते ब्रिटिश सरकार, आणि रेडिओलहरींचा माग काढणारी यंत्रे त्याच्याजवळ होती. त्यावर तोड म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. सुमारे अडीच महिने ते चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला, तो एका तंत्रज्ञाने पत्ता सांगितल्यावर. लहरींनी नव्हे, आतल्या माणसाने घात केला. पुढे चौकशीत उषा मेहता यांनी तोंड उघडले नाही आणि चार वर्षांची शिक्षा पत्करली. एका माणसाच्या बोलण्याने केंद्र गेले, दुसऱ्या माणसाच्या मौनाने पुढचे धागे वाचले. यंत्र दोन्ही वेळा तेच होते.

आजच्या काळात 'आतला माणूस' आपल्या खिशात असतो. २०१९ साली व्हॉट्सॲपने जाहीर केले की, पेगॅसस या हेरगिरीच्या साधनाने जगभरातील सुमारे १४०० जणांचे मोबाईल लक्ष्य केले गेले. त्यांत भारतातील पत्रकार व वकील होते, नागपूरचेही होते. तेथे कूटलिपी कोणी फोडली नाही. मोबाईलच ताब्यात घेतला की उलगडलेला मजकूर समोर दिसतोच. सामान्य विद्यार्थ्यावर असला महागडा हल्ला कोणी करणार नाही. त्याच्यासाठी मैत्रिणीने काढलेला स्क्रीनशॉट किंवा भावाला माहीत असलेला पासवर्ड पुरेसा आहे. शत्रूचे बळ ठरवावे म्हणतात ते याचसाठी. आमच्या वर्गातील मुलीला ना पोलिसांपासून लपायचे होते ना परदेशी हेरांपासून. तिला लपायचे होते वर्गापासून, आणि ॲपने तिला आश्रय दिला होता तो वर्ग सोडून बाकी सर्वांपासून.

नाण्याची दुसरी बाजू

येथे कोणी विचारील की, सज्जनाला नाव लपवण्याची गरजच काय? याचे उत्तर देताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. मूळ निरोप कोणी सोडला, हे कोणाला सांगता येईना. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि २०२१ च्या नियमांनी सरकारने मूळ प्रेषक शोधता आला पाहिजे अशी अट मोठ्या कंपन्यांवर घातली. असे करायचे तर सर्वांचीच कूटलिपी सैल करावी लागेल, असे म्हणत व्हॉट्सॲपने त्या अटीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. अनोळखी माणसांशी गप्पा घडवणारे 'ओमेगल' २००९ पासून चालले आणि मुलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींनी वेढले जाऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद पडले. निनावीपणाच्या आडून हे सारे घडते, ते नाकारून चालणार नाही.

पण दुसरीकडे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते पसंत केल्याबद्दल, अटक झाली होती. ज्या ६६अ कलमाचा त्यांच्याविरुद्ध वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तोवर सव्वादोन वर्षे उलटून गेली होती. नावानिशी बोलण्याची किंमत कधी कधी निर्दोष माणसालाही मोजावी लागते, आणि ती मोजण्याचे बळ सर्वांजवळ सारखे नसते.

पारखीचे प्रश्न

तात्पर्य, निनावी गप्पांची एखादी व्यवस्था समोर आली की आपण काय विचारावे? नोंदणीला फोन क्रमांक लागतो का? कूटलिपीची किल्ली कोणाजवळ? पाकिटावरची कोणती माहिती ते साठवतात, आणि किती दिवस? व्यवस्थेची रचना तज्ज्ञांना तपासायला खुली आहे काय? हा शेवटचा प्रश्न जुना आहे. कूटपद्धतीची रचना शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच मांडले होते. 'आमची पद्धत गुपित आहे, म्हणून ती सुरक्षित आहे' असे सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. व्हीपीएन वापरला म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, तेथे फक्त अडत्या बदलतो. भारतात तर एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्यास सांगण्यात आले आहे.

एवढे प्रश्न कंपनीला झाले. उरलेले दोन स्वतःला विचारायचे. मी कोणापासून लपतो आहे? आणि मी लिहिलेले वाचून, माझ्या जवळच्या माणसाला मी ओळखू येईन काय? पहिल्या प्रश्नांची उत्तरे उत्तम आली आणि या शेवटच्या प्रश्नाचे 'होय' आले, तर बाकी सर्व गुण वाया गेले असे समजावे.

ती मुलगी आठ दिवसांनी परत आली. आमच्यापैकी दोघी तिच्याबरोबर बाईंकडे गेल्या, आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे तिने लेखी, सहीनिशी तक्रार दिली. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशी तक्रार आणि तक्रारदाराची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. गंमत अशी की, जेथे तिने नाव दिले नाही तेथे ते संध्याकाळपर्यंत सर्वांना कळले, आणि जेथे तिने नाव लिहून दिले तेथे ते कागदाबाहेर गेले नाही. याचा अर्थ कागद चांगला आणि मोबाईल वाईट, असा नव्हे. समितीतील माणसांनी तोंड मिटून ठेवले म्हणून तो कागद सुरक्षित राहिला.

आणि त्या संध्याकाळी 'काऊन' हा शब्द ओळखून पहिल्यांदा तिचे नाव मोठ्याने घेतले, ते मीच. व्यवस्थेची पारख करताना हाही दोष मोजला पाहिजे, म्हणून लिहिले.